गेटसमोरच्या चौतीस टपऱ्यांचा चिकित्सक अभ्यास

१ ऑक्टोबर २००६, रविवार. सकाळी ६.१०

आजपासून रोज लिहायचं. डायरी मेहुण्याच्या कृषी केंद्रातली, बियाणे कंपनीने वाटलेली. जानेवारी ते सप्टेंबर कोरी आहे. हरकत नाही, ती पानं डेटा ॲनालिसिसला ठेवू. प्रत्येक पानाच्या तळाशी बोंडअळीबद्दल एक सूचना छापली आहे. तिकडे दुर्लक्ष करायचं.

परिस्थिती अशी आहे. पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन १९९८. मुदतवाढ दोनदा. शेवटची मुदत ३० जून २००७, त्यानंतर देव आला तरी नाही. विषय 'विद्यापीठाचा परिसरातील स्थानिक अर्थव्यवस्थेवर होणारा परिणाम: एक चिकित्सक अभ्यास'. आधी नुसता 'एक अभ्यास' होता. 'चिकित्सक' मंजूर करून घेण्यात दोन वर्षं गेली, त्यामुळे आठ वर्षांत काहीच झालं नाही असं कोणी म्हणू नये.

प्लॅन: विद्यापीठाच्या गेटसमोर चौतीस टपऱ्या आहेत. चहा, पोहे, झेरॉक्स, टायपिंग, बायंडिंग, पंक्चर. रोज नऊ केल्या तर चार दिवसांत सर्व्हे खतम. दिवाळीपर्यंत दोन चॅप्टर. डिसेंबरात टायपिंग. जूनपर्यंत वाट कशाला बघायची?

सुभद्राला प्लॅन वाचून दाखवला. ती म्हणाली, "मागच्या दिवाळीले बी चारच दिवस होते." बायकोला रिसर्च मेथडॉलॉजी समजत नाही.

३ ऑक्टोबर, मंगळवार

काल गांधी जयंती. सुट्टीच्या दिवशी घेतलेला डेटा प्रातिनिधिक नसतो, म्हणून झोपलो.

आज एकच टपरी झाली, पण सखोल. अब्दुल सत्तार, बायंडिंगवाले. यांना नमुना क्रमांक सतरा दिला. सगळे लोक एकपासून सुरू करतात. मी मधून सुरुवात करतो, सतरा ते चौतीस आणि मग एक ते सोळा. यात पूर्वग्रह टळतो. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझं स्वतःचं आहे.

सत्तारभाई मूळचे बाळापूरचे. गेटसमोर एकवीस वर्षं. आठ बाय सहाची जागा, वर ताडपत्री, आत पानं दाबून धरायचा लोखंडी शिकंजा, खळीचं भगोनं, काळ्या रेक्झिनचे ताके. या भागातल्या कितीतरी डॉक्टरांचे थिसिस त्यांच्या हातून गेले आहेत. कोणी किती पानांत डॉक्टर झालं ते तोंडपाठ. मुलगी कहकशाँ, बी.कॉम. फायनलला, बाजूच्याच टेबलावर टायपिंग करते. त्यांनी विचारलं, "सर, तुमचं कवा आनून राह्यले?" मी म्हणालो, जूनमध्ये. कुठल्या जूनमध्ये ते त्यांनी विचारलं नाही. सभ्य माणूस.

मी दोन चहा मागवले. त्यांचा रोजा होता. मग दोन्ही मीच प्यायलो, वाया कशाला घालवायचे. घरी आल्यावर वाटलं, एकवीस वर्षं कष्ट करणाऱ्या उपाशी माणसासमोर फुर्र फुर्र करायला नको होतं. यापुढे पाठ फिरवून प्यायचा.

त्यांनी शेवटी विचारलं, हे लिहून काय होणार. मी सांगितलं, अहवाल वर गेला की तुम्हा सगळ्यांना पक्के गाळे मिळतील. प्रश्नावलीत असं कुठे नाही. पण माणूस मोकळा बोलावा म्हणून संशोधकाला थोडा धीर द्यावा लागतो.

५ ऑक्टोबर, गुरुवार

गाळ्यांची बातमी माझ्याआधी पोचली होती. लोक स्वतः येऊन नाव लिहून द्यायला लागले. एका दिवसात चौदा झाल्या! पार्बताबाई पोहेवाल्या, नमुना क्रमांक अठरा, म्हणाल्या, "सर, माह्या गाळ्याले नळ पाह्यजे, तेवढं लिवा." लिहिलं. प्रश्नावलीत नळाचा रकाना नाही, समासात लिहिलं.

पोहे फुकट दिले. मी दोन्ही हातांनी नको नको म्हणालो. त्यातल्या एका हातात प्लेट आली.

७ ऑक्टोबर, शनिवार

सर्व्हे पूर्ण!! सहा दिवस लागले. चारचे सहा, याला कोणी उशीर म्हणणार नाही.

एक बारीकशी गोष्ट राहिली. प्रश्न एकोणतीस: परवाना किंवा जागेच्या वसुलीची पावती आहे का? हो की नाही. कोणाजवळ पावत्या नव्हत्या. सत्तारभाई म्हणाले, "पावत्या घरी हायेत सर. एकवीस वर्साच्या. उद्या आनतो." पार्बताबाईंच्या गव्हाच्या कोठीत आहेत. बरेच जण उद्या म्हणाले. मी तूर्तास सगळ्यांपुढे 'नाही' लिहिलं. रकाना रिकामा ठेवला तर टेबल वाईट दिसतं. पेन्सिलने लिहिणार होतो, पेन्सिल नव्हती. सोमवारी पावत्या बघून दुरुस्त करतो.

चौतीसपैकी चौतीस 'नाही'. शंभर टक्के. इतकं स्वच्छ उत्तर अर्थशास्त्रात क्वचित मिळतं.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

गेटकडे जाणं झालं नाही. सोमवारी स्टाफ मीटिंग, मंगळवारी सर्दी, बुधवारी सर्दी बरी झाल्यामुळे कॉलेज.

आज कहकशाँ कॉलेजच्या व्हरांड्यात भेटली. अब्बा तीन दिवसांपासून पावत्या घेऊन बसले आहेत म्हणाली. एकवीस वर्षांच्या पावत्यांचं त्यांनी तीन भागांत बायंडिंग केलं आहे, काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरांत साल. मला हसू आलं. तिला आलं नाही. उद्या येतो म्हणालो.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळी झाली, काल ईद झाली. चॅप्टर शून्य. पण डोक्यात तयार आहे.

सत्तारभाईंकडून शीरखुर्म्याचा डबा आला. त्यांच्या बायकोने, जैनबबींनी, खास सुभद्रासाठी पाठवला. दोघी एकमेकींना कधी भेटल्या, मला माहीत नाही. शीरखुर्मा मीच संपवला. पावत्या बघायला मात्र अजून गेलेलो नाही. घास तोंडात असताना ते आठवलं आणि पुढचा घास जरा कमी गोड लागला. तरी घेतला.

१४ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी

गेटवर गेलो. पावत्यांसाठीच गेलो होतो. पण सत्तारभाईंनी असा विषय काढला की ते राहूनच गेलं.

माझी थिअरी अशी: विद्यापीठ पगार देतं, विद्यार्थी आणतं, तो पैसा गेटमधून बाहेर झिरपतो आणि टपऱ्या जगतात. आकृतीसुद्धा काढली आहे, बाणांची. सत्तारभाईंनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "बाण उलटा हाय सर. पैसा अंदरून नाई येत. पैसा कापसातून येते. पोट्ट्याचा बाप गावातून धाडते, तवा पोट्टा इथी झेरॉक्स काढते. अवंदा भाव नाई, तं तुमी पाहाच." पार्बताबाई म्हणाल्या, पूर्वी एक पोट्टा दोन प्लेट खायचा, आता दोन पोट्टे एक प्लेट सांगतात आणि वर तर्री जास्त मागतात. सत्तारभाई म्हणाले, गेल्या साली जे थिसिस काळ्या रेक्झिनमध्ये जात होते ते यंदा पुठ्ठ्यात चालले आहेत. "विद्यापीठ मंजे आडतच हाय सर. माल गावाचा, आपुन मधात उभे."

मी त्यांना समजावलं की हे शास्त्रीय नाही. ते हो म्हणाले. घरी येताना रिक्षात वाटलं की बाण खरंच उलटा आहे. पण आकृती शाईने काढली आहे.

४ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी

आजचा दिवस सुवर्णाक्षरांत लिहावा असा!

फेब्रुवारीत विद्यापीठाचं मूल्यांकन करायला बाहेरून समिती येणार आहे. तयारीच्या बैठकीत इंगोले सरांनी, म्हणजे माझ्या गाइडनी, मला मागच्या खुर्चीत बसायला नेलं होतं. एका मोठ्या साहेबांनी विचारलं, परिसराच्या विकासाला आपण काय हातभार लावला, याचा कोणाकडे काही डेटा आहे का? सगळे खाली बघत होते. मी उभा राहिलो. बॅगेतून सर्व्हेची सतरा पानं काढली. नावं, जागेचं माप, किती वर्षांपासून, घरात खाणारी तोंडं, परवाना. साहेब म्हणाले, इतकं बारीक काम या विद्यापीठात होतं हे माहीत नव्हतं. त्यांनी झेरॉक्स काढून घेतली. इंगोले सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

प्रश्न एकोणतीस तेवढा दुरुस्त करायचा राहिला होता. साहेबांच्या हातातून पानं परत मागणं बरं दिसलं नसतं.

१८ जानेवारी २००७, गुरुवार

नवी डायरी घेतली नाही. याच डायरीची जानेवारीची कोरी पानं कामी आली. वार एकाने चुकतो, तेवढं चालतं.

समितीसाठीचा अहवाल छापून आला. पान अठ्ठावन्न: 'विद्यापीठाच्या प्रेरणेने गेटसमोर चौतीस कुटुंबांना सन्मानाचा रोजगार मिळाला आहे.' वाक्य माझं आहे. 'प्रेरणेने' त्यांनी घातलं. सुभद्राला दाखवलं. तिने विचारलं, यात सत्तारभाईंचं नाव कुठे आहे. मी म्हणालो, नाव परिशिष्टात आहे.

२९ जानेवारी, सोमवार

गेटवर नोटीस लागली. समिती येण्याआधी परिसर मोकळा करायचा. 'सोबतच्या यादीतील विनापरवाना चौतीस इसमांनी आठ दिवसांत जागा सोडावी. परवाना किंवा पावतीधारकांना पर्यायी जागा देण्यात येईल. यादीत असे कोणीही आढळले नाही.'

यादी सतरापासून सुरू होते. सतरा ते चौतीस, मग एक ते सोळा.

योगायोग असू शकतो.

२९ जानेवारी, रात्रीच्या जेवणाआधी

योगायोग नाही. जगात अशी यादी करणारा एकच माणूस आहे. समासात नळसुद्धा आहे.

३१ जानेवारी, बुधवार

काल गेटवर गेलो होतो. सगळे माझ्याभोवती जमले. राग कोणाच्याच तोंडावर नव्हता, हेच वाईट. पार्बताबाईंनी विचारलं, "सर, आता गाळे भेटतीन का?" मी म्हणालो, ही त्याच्या आधीची पायरी असते. आधी जागा मोकळी करतात, मग गाळे बांधतात. हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही. आल्यावर मात्र मला स्वतःलाच बरं वाटलं, इतकं की घरी येईपर्यंत मी त्यावर विश्वास ठेवला होता.

सत्तारभाई रेक्झिन कापत होते.

आज पत्राचा मसुदा केला. 'मी खाली सही करणारा कळवू इच्छितो की माझ्या सर्वेक्षणातील प्रश्न क्र. २९ ची नोंद पावत्या न पाहता केलेली आहे.' एवढं एक वाक्य गेलं की निदान एकोणीस जणांची जागा वाचते. पावत्या त्यांच्याजवळ आहेत. कार्यालय म्हणतं, पावत्या आत्ता दाखवून उपयोग नाही, सर्वेक्षणात 'नाही' लिहिलं आहे, सरांनी दुरुस्ती दिली तर बघू.

भाषा जरा मऊ करायला हवी. 'न पाहता' हे फार उघडं वाटतं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

मसुदा सहावा. 'काही तांत्रिक कारणास्तव.' इंगोले सरांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, डेटा चुकीचा आहे असं तुम्हीच लिहून दिलं तर थिसिस कशावर उभा राहील? आणि जून लक्षात ठेवा. पत्र त्यांनी माझ्याच खिशात घातलं.

त्यांचं म्हणणं चूक नाही. बरोबर आहे असंही नाही. सोमवारपर्यंत विचार करू. सोमवारी नक्की.

४ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११

हे लिहायचं नव्हतं. पण ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, आणि मीही मागची पानं वाचत नाही.

सत्तारभाई घरी आले होते. हातात पावत्यांचे तीन बांधीव भाग. मी खिडकीतून पाहिलं. सुभद्राला खुणेने सांगितलं, घरी नाही म्हण. आणि आतल्या खोलीत गव्हाच्या पोत्याशेजारी उभा राहिलो. त्रेचाळीस वर्षांचा, नेट पास, अधिव्याख्याता.

सगळं ऐकू आलं. ते म्हणाले, "वहिनी, सरले मनाव एक ओळ लिवून द्या. पावत्या पाह्यल्या, बस एवढंच. लिवून नाई देत तं खोटं बी नका लिवू, पन मले सांगा. मी पोरीले तरी सांगीन." मग म्हणाले, यादी सतरापासून सुरू होते हे पाहिलं तेव्हाच ती माझी आहे हे त्यांनी ओळखलं, पण बाकीच्यांना सांगितलेलं नाही. "सरचं काम बिघडन." पाणीही न पिता गेले.

सुभद्रा आत आली. म्हणाली, "मी आज तुमच्यापायी खोटं बोलली. आता तुमी तरी खरं बोला." मी म्हणालो, उद्या सोमवार आहे, उद्या पत्र देतो. ती कणीक मळायला बसली.

पत्र उद्या. पहिला मसुदाच चांगला होता.

५ फेब्रुवारी, सोमवार

कार्यालयात गेलो. साहेब मीटिंगमध्ये. बाहेरच्या बाकावर चाळीस मिनिटं बसलो. साहेब बाहेर आले, मला बघून म्हणाले, अरे, पान अठ्ठावन्न! समिती ते वाचून खूश होणार आहे, व्हायवाचं काही अडलं तर सांगा. मी हो सर म्हणालो. ते जिन्याने उतरून गेले.

पत्र खिशात होतं. अजून आहे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. अकोला

संदर्भ शोधायला अकोल्याला आलो. तातडीचे संदर्भ होते. कोणते ते बसमध्ये ठरवू असं म्हटलं होतं. दिवसभर बसस्टँडवरच बसलो. तीन पेपर वाचले. तिन्हींत कापूस शेतकऱ्यांचं पॅकेज, पाहणी पथकं, अहवाल. गावागावांत लोक फॉर्म भरून घेत हिंडत आहेत. एका फोटोत फॉर्म भरणारा माझ्यासारखाच दिसला. तसाच चष्मा, तशीच बॅग.

आज गेटवर टपऱ्या हटवणारं पथक येणार होतं.

१० फेब्रुवारी, शनिवार

गेटसमोर काही नाही. चुन्याच्या रेषा आणि कुंड्या. कुंड्यांत शेवंती. झाडलेली जमीन इतकी रुंद दिसते की मला वाटलं मी चुकीच्या स्टॉपवर उतरलो.

ऑटो स्टँडजवळ पार्बताबाई टोपलीत पोहे घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं. पथकातला माणूस कागद घेऊन उभा राहिला आणि एकेक नंबर, नाव पुकारायला लागला. "आमाले वाटलं, गाळ्याचे नंबर पुकारून राह्यले. तुमी सांगतलं होतं ना. मी तं पदर सारखा करून पुढं गेली. हो म्हनलं, मीच अठरा." मग ट्रॉली आली.

सत्तारभाईंचा शिकंजा चार माणसांना उचलेना. पाचवे ते स्वतः लागले.

मी पोह्याची प्लेट घेतली. खाता आली नाही. पैसे दिले, तर त्यांनी उरलेले परत दिले, बरोबर मोजून. मला वाटत होतं त्यांनी शिव्या द्याव्यात. एखादी तरी.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

समिती आली, गेली. पान अठ्ठावन्न त्यांना आवडलं म्हणे. मला पुष्पगुच्छ मिळाला. सुभद्राने तो घरात आणू दिला नाही, स्कूटरच्या हुकाला अडकलेला आहे.

आज ठरवलं: दर महिन्याला सत्तारभाईंच्या घरी जायचं. मनापासून बोलायचं. पहिली भेट याच आठवड्यात.

२२ एप्रिल, रविवार

भेट झाली नाही. ते घर सोडून गेले असं कोणीतरी म्हणालं. कोणी परतवाड्याला म्हणतं, कोणी बाळापूरला. चौकशी नीट केली नाही. नीट केली असती तर पत्ता मिळाला असता.

प्रकरण पाचवं मात्र पूर्ण! त्यात लिहिलं: 'प्रस्तुत संशोधकाच्या असे निदर्शनास आले की विद्यापीठ परिसरातील पैशाचा उगम विद्यापीठात नसून ग्रामीण भागातील कापूस उत्पन्नात आहे. विद्यापीठाची भूमिका अडत्यासारखी आहे.' बाण उलटा केला, आकृती नव्याने काढली. इंगोले सर म्हणाले, थिसिसमधली ही एकच जागा अशी आहे की जिथे तुम्ही स्वतः विचार केलेला दिसतो.

ऋणनिर्देशात 'श्री. अब्दुल सत्तार' घातलं होतं. इंगोले सर म्हणाले, कुलगुरूंच्या नावाखाली बायंडर बरा दिसत नाही. 'व इतर ज्ञात-अज्ञात सर्व' असं केलं. ते अज्ञातांत आहेत की ज्ञातांत, हे मी ठरवलेलं नाही.

२८ जून, गुरुवार

थिसिस सबमिट! दोन दिवस आधी. नऊ वर्षांची तपश्चर्या.

बायंडिंग शहरातल्या एका मशीनवाल्याकडे केलं. त्याने अर्ध्या तासात पाच प्रती दिल्या, तेव्हाच संशय यायला हवा होता. कार्यालयाच्या टेबलावर ठेवताना एका प्रतीची पाठ सुटली आणि प्रकरण तीन ते परिशिष्ट 'क' फरशीवर पसरलं. मी आणि शिपाई गुडघ्यांवर बसून पानं गोळा करत होतो. परिशिष्ट 'क' शेवटी सापडलं, साहेबांच्या खुर्चीखाली. नमुना क्रमांक सतरा सगळ्यात वर होता. मी तो उलटा ठेवला.

२० डिसेंबर, गुरुवार

डायरीची रोजची पानं संपली. हे मागच्या 'महत्त्वाचे टेलिफोन नंबर' या पानांवर लिहितो आहे.

व्हायवा झाली. बाहेरचे परीक्षक वयस्कर, शांत. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मी सकाळी गेटमधूनच पायी आलो. मला चहा हवा होता. तुमच्या चौतीस टपऱ्यांपैकी मला एकही दिसली नाही. त्या कुठे आहेत?"

मी म्हणालो, सर, अभ्यासाचा कालखंड २००६ आहे.

सगळे हसले. परीक्षक हसले नाहीत, त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि सही केली. मी डॉक्टर झालो. टाळ्या झाल्या. संडासात जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

६ जानेवारी २००८, रविवार. दुपारी ३

सकाळी पेढ्याचा एक डबा जास्त आणला आणि सुभद्राला म्हणालो, आता मी सत्तारभाईंना शोधून काढणारच, मग कितीही दिवस लागोत. तिने साडीच्या निऱ्या सारख्या करत सांगितलं, "शोधाले काय लागते? मी जाऊन येते ना महिन्यातून एखांदवेळा. जैनबबीकडे." गेल्या मार्चपासून! मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, "तुमाले सांगतलं असतं तं तुमी गेले असते का?" मी पेढ्याचा डबा पिशवीत ठेवला. मला उत्तर येत होतं.

दोघं स्कूटरवर गेलो. वाटेत माफीचं भाषण पाठ केलं, तीन मुद्द्यांत. बॅगेत नवी प्रश्नावलीही होती. लघु संशोधन प्रकल्प, 'विस्थापित लघुव्यावसायिकांचे पुनर्वसन'. यातून त्यांना मदत मिळू शकते. खरंच मिळू शकते. आणि प्रकल्प मंजूर झाला तर मलाही बरं.

मोठं कडुलिंबाचं झाड. त्याखाली शिकंजा. बाजूला पार्बताबाईंची शेगडी, पुढे पंक्चरवाला, दोन झेरॉक्स. दहा-बारा जण परत एकत्र जमले आहेत. मी सवयीने मोजायला लागलो होतो, नंतर लक्षात आलं. जवळच एक नवं कॉलेज निघालं आहे, पोरं येतात. कहकशाँ नव्हती. बी.कॉम. झाली, एम.कॉम.ची ॲडमिशन राहिली, एका वकिलाकडे टायपिंगला जाते. जैनबबींनी हे सांगितलं तेव्हा सुभद्रा माझ्याकडे बघत नव्हती, हे मला दिसत होतं.

सत्तारभाईंनी पेढा घेतला. "डॉक्टर झाले! मुबारक हो सर." मनापासून म्हणाले. मी भाषण सुरू केलं. पहिला मुद्दाच आठवेना. मग मुद्दे सोडून दिले आणि सांगितलं, पावत्या न बघता 'नाही' मी लिहिलं, पत्र माझ्या खिशात होतं, तुम्ही आलात तेव्हा मी आतल्या खोलीत होतो.

ते म्हणाले, "माईत हाय सर. दरवाज्यात तुमची चप्पल होती."

मग त्यांनी चहा सांगितला. मी काय करावं न कळून बॅग उघडली, प्रश्नावली काढली, पेनाचं टोपण काढलं. म्हटलं, सत्तारभाई, या वेळी पावत्या आधी बघतो, मग लिहितो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. खळ लागलेला, खरखरीत.

"सर, तुमी या. वहिनीले घेऊन या. चाय प्या, जेवा. पन आमचं नाव नका लिवू. इथी मोजू बी नका."

मी हो म्हणालो. कागद घडी करून बॅगेत टाकला. चहा प्यायलो, सगळ्यांसमोर, पाठ न फिरवता.

आता घरी येऊन लिहितो आहे. ते झाड कुठल्या रस्त्याला आहे, कॉलेज कोणतं, हे वर लिहायला घेतलं होतं. लिहीत नाही.